न दिसणारी शिवण : काश्मिरी शाल आणि रफूगर

काश्मिरी शाल मागावर विणली जाते हे सर्वश्रुत आहे; परंतु मागावरून उतरल्यानंतर ती किती वेळा सुईखाली गेली, तिचा काठ कोणत्या जुन्या शालीवरून उसवून आणलेला आहे, तिचा मध्यभाग मूळचा आहे की एखाद्या पिढीनंतर बसवलेला, हे प्रश्न वस्त्रांच्या अभ्यासात बराच काळ मागे पडले होते. त्याला कारणही तसेच होते. ज्या कारागिराने हे फेरफार केले त्याच्या कौशल्याची कसोटीच अशी, की त्याचे काम कोणाच्या नजरेस पडू नये. हा कारागीर म्हणजे रफूगर. विरलेल्या किंवा फाटलेल्या कापडात त्याच जातीचा धागा घेऊन, त्याच विणीने, सुईच्या साहाय्याने जागच्या जागी कापड भरून काढणे याला रफू म्हणतात. शालीच्या व्यवसायात मात्र या दुरुस्तीखेरीज तुकड्यांची जोडणी, काठबदल, दोन शाली पाठीला पाठ लावून शिवणे आणि भरतकाम अशी अनेक कामे रफूगराकडे असत. काश्मिरी शालीचे रूप, तिची किंमत, तिच्यावरचा कर आणि तिचे आयुष्य या सर्वांचा इतिहास सांगताना तयार वस्त्रात हाताने केलेल्या या फेरफारांना मध्यवर्ती जागा द्यावी लागते.

त्यासाठी आधी शालीची घडण पाहणे इष्ट आहे. लडाख आणि पश्चिम तिबेट यांच्यात पसरलेल्या चांगथांगच्या उंच पठारावरील शेळ्यांच्या अंगावर हिवाळ्यात बाहेरच्या राठ केसांखाली जी मऊ लव येते तिला पश्म म्हणतात, आणि याच लोकरीच्या हातसुताची शाल विणली जाते. तिची वीण तिरकस असते. आडवा धागा दोन उभ्या धाग्यांवरून आणि पुढच्या दोन उभ्या धाग्यांखालून जातो आणि प्रत्येक ओळीत ही जागा एका धाग्याने सरकते, त्यामुळे कापडावर बारीक तिरप्या रेघा उमटतात. नक्षीच्या भागात धोटा चालत नाही. प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या लाकडी काडीवर गुंडाळलेला असतो, ती काडी नक्षीतल्या आपल्या रंगापुरतीच पुढे जाते आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून माघारी फिरते. या काडीला कानी म्हणतात आणि अशा विणीच्या शालीला कानी शाल. शालीच्या दोन्ही टोकांच्या रुंद नक्षीदार भागाला पल्ला, लांबीच्या कडांनी जाणाऱ्या अरुंद काठाला हाशिया, पल्ल्याच्या वरखाली असलेल्या पट्टीला जंजीर, कोपऱ्यातल्या बुट्ट्याला कुंज आणि मधल्या मोकळ्या भागाला मतन अशी नावे होती. यांपैकी हाशिया पुष्कळदा निराळ्या मागावर, रेशमी ताण्यावर विणत, कारण रेशमामुळे कडेला थोडा ताठपणा येई आणि शाल अंगावर नीट बसे; मग तो शालीला सुईने जोडला जाई. म्हणजे एकसंध वाटणाऱ्या शालीतही शिवण सुरुवातीपासूनच होती.

तयार शालीत फेरफार करण्याची सर्वांत जुनी नोंदलेली रीत मोगल दरबारातली आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने लिहिलेल्या ‘ऐन-ए-अकबरी’त शालींचे स्वतंत्र प्रकरण असून, पूर्वी लोक शाल चार घड्या घालून वापरीत, आता ती घडी न घालता खांद्यावर टाकतात आणि बादशहाने ती दुहेरी वापरण्यास आरंभ केला आहे, अशा आशयाची माहिती त्यात येते. ही दुहेरी शाल म्हणजे दुशाला. कानी विणीत सुलट बाजू जितकी स्वच्छ दिसते तितकीच उलट बाजू धाग्यांच्या गुंत्यामुळे खडबडीत राहते आणि पांघरलेल्या शालीचा पदर उलटला की ती बाजू उघडी पडते. दोन सारख्या शाली पाठीला पाठ लावून कडेने शिवल्या की दोन्हीकडून सुलट बाजूच दिसते आणि उबही वाढते. शाली जोडीने विणण्याची आणि जोडीनेच नजर करण्याची प्रथा पुढे इतकी रूढ झाली, की १८४६ च्या अमृतसरच्या तहात जम्मूच्या गुलाबसिंगाने इंग्रज सरकारला दरसाल द्यावयाच्या नजराण्यात एक घोडा आणि बारा शेळ्या यांच्याबरोबर शालींच्या तीन जोड्या लिहिल्या गेल्या.

रफूगराच्या कामाचे तपशीलवार वर्णन करण्याचे श्रेय विल्यम मूरक्रॉफ्ट या इंग्रज पशुवैद्याला द्यावे लागते. ईस्ट इंडिया कंपनीच्या घोडेपैदाशीचा हा अधिकारी बुखाऱ्याकडे घोड्यांच्या शोधात निघाला असता १८२२-२३ मध्ये श्रीनगरात राहिला, आणि तेथील शालीच्या व्यवसायातली कामाची वाटणी त्याने एका चिकित्सक कारखानदाराच्या नजरेने टिपून ठेवली. नक्षी काढणारा नक्काश, कोणता रंग किती धाग्यांवर यावा हे पुकारणारा तरह-गुरू, ते खुणांच्या भाषेत कागदावर उतरवणारा तालीम-गुरू, मागावरचे विणकर, शाल उतरल्यावर चिमट्याने गाठी आणि सुटे धागे काढणारा पुर्झगर अशी ही साखळी होती आणि तिच्यात रफूगराचे स्थान बरेच महत्त्वाचे होते. कारण या काळापर्यंत एकच शाल अनेक मागांवर वाटून विणण्याची पद्धत सुरू झाली होती. भरगच्च नक्षीची शाल एकाच मागावर विणायची तर दीड वर्ष आणि त्याहूनही अधिक काळ लागे. तोवर व्यापाऱ्याचे भांडवल अडकून पडे, आणि फ्रान्सच्या बाजारातली आवड तर त्याआधीच पालटून जाई. म्हणून तीच शाल दोन, चार, क्वचित आठ मागांवर तुकड्यातुकड्यांनी विणून घेत आणि ते तुकडे रफूगराकडे सोपवीत. पुढील दशकांत नक्षी जसजशी दाट होत गेली तसतशी तुकड्यांची संख्या वाढत गेली.

ही जोडणी साध्या शिवणीसारखी नसे. शिंपी दोन कापडे एकमेकांवर ठेवून शिवतो आणि आत दाब, म्हणजे शिवणीपलीकडचे जादा कापड, सोडतो. पश्मिन्यासारख्या तलम कापडात असा दाब उठून दिसला असता आणि शालीचा झोकही बिघडला असता. रफूगर दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींवर न चढवता नुसत्या एकमेकींना भिडवीत असे, आणि बारीक सुईने एकीकडचा एक-दोन धागा, मग दुसरीकडचा एक-दोन धागा उचलत टाके इतके जवळजवळ घाली की ते विणीतच मिसळून जात. जोड शक्यतो सरळ रेषेत नसे. बुट्ट्याच्या आकृतीची जी कड असेल तिच्या वळणावळणाने तो नेला जाई, म्हणजे जिथे रंग तसाही बदलतो तिथेच शिवण लपून जाई. तरीही कुठे ती दिसलीच, तर तिच्यावरून आकृतीच्या बाह्यरेषेचा एक गडद धागा भरतकामाने फिरवीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच्या अनेक कानी शालींत बुट्ट्यांच्या कडांवर असा भरलेला धागा आढळतो, आणि पाहणाऱ्याला जी शोभा वाटते ती बहुधा जोड झाकण्याची युक्ती असते.

जुन्या शालीला भोक पडले असेल तर कृती वेगळी. भोकाच्या कडा कातरून सरळ करणे हा नवशिक्याचा उतावीळपणा समजला जाई, कारण लोंबणारी टोकेच नव्या धाग्यांना धरून ठेवतात. धागा शक्यतो त्याच शालीच्या दडलेल्या कडेतून किंवा तितक्याच जुन्या दुसऱ्या तुकड्यातून काढलेला असावा लागे. नवा धागा रंगाने जुळला तरी त्याची चमक जुन्या लोकरीशी जुळत नाही. आधी उभे धागे भोकाच्या पलीकडच्या धडधाकट कापडात थोडे आतपर्यंत नेऊन ताणायचे, मग आडवा धागा दोन उचलून दोन सोडून, दर ओळीला एक धागा सरकवत भरायचा, म्हणजे मूळ विणीची तिरपी रेघ अखंड पुढे जाते. ओळ संपून सुई माघारी वळते तेथे धागा किंचित सैल सोडावा लागतो. तो ओढून घेतला तर पहिल्या धुण्यातच जागा आक्रसून सुरकुती पडते. मागाने जे काम शेकडो धागे एकदम ताणून केले तेच काम रफूगर एका सुईने, एकेका धाग्याने, कित्येक वर्षांनंतर पुन्हा करीत असे.

रफूगराच्या याच हातोटीतून शालीचा एक नवा प्रकार निघाला आणि त्याला कराची पार्श्वभूमी होती. काश्मिरात मागावरच्या शालीवर सरकारी शिक्का बसे व त्यापोटी भारी कर द्यावा लागे. मूरक्रॉफ्टच्या वेळी, म्हणजे शीख अमलात, तो शालीच्या किमतीच्या २६ टक्क्यांपर्यंत पोचला होता. कॉन्स्टँटिनोपलच्या एका व्यापारी पेढीचा ख्वाजा यूसुफ नावाचा आर्मेनियन दलाल १८०३ मध्ये काश्मिरात आला असता त्याच्या ध्यानात आले, की साध्या विणलेल्या शालीवर सुईने तशीच नक्षी भरली तर खर्च सुमारे एकतृतीयांशावर येतो आणि विणीव नक्षीवरचा करही चुकतो. या भरीव शालींना अमली म्हणत. त्यांतल्या टाक्यांची ठेवण अशी असे, की नक्षी कापडावर चढवलेली न वाटता कापडातूनच उमटलेली वाटावी. हे कसब रफूगरांखेरीज कोणाजवळ नव्हते, म्हणून अमलीचे पहिले कारागीर तेच झाले. आरंभी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असलेले हे कारागीर वीस वर्षांत पाच हजारांवर गेले असा त्या काळचा अंदाज होता. राज्यकर्त्यांच्या करवसुलीने मागाला जखडले आणि तयार कापडावर चालणाऱ्या सुईला वाव दिला, ही घटना आर्थिक इतिहासात आजवर मिळाली त्याहून अधिक जागा मिळण्याजोगी आहे.

शालीत वारंवार फेरफार व्हावेत याचे दुसरे कारण तिच्या सामाजिक उपयोगात होते. शाल ही नुसती पांघरण्याची वस्तू नव्हती. मान देण्याचे, नेमणूक पक्की करण्याचे आणि संपत्ती साठवण्याचे ते साधन होते. मोगल दरबारातली खिलतीची प्रथा, म्हणजे बादशहाने मानाचा पोशाख देण्याची रीत, मराठेशाहीत वस्त्रे देण्याच्या स्वरूपात रुजली. पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडून येत, आणि सरदार, वकील, शास्त्री-पंडित यांच्या सत्कारात शालजोडीला ठरलेली जागा होती. अशी वस्त्रे जामदारखान्यात, म्हणजे मौल्यवान कापडचोपड आणि जडजवाहीर ठेवण्याच्या कारखान्यात, जमा होत आणि तेथून पुन्हा दुसऱ्याच्या सन्मानासाठी बाहेर पडत. कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांना मिळालेल्या शालीसुद्धा सरकारी तोशाखान्यात भराव्या लागत आणि तेथून त्या पुन्हा नजराण्यासाठी वापरल्या जात किंवा लिलावात विकल्या जात. एकच शाल अशी अनेक खांद्यांवरून फिरली की तिचा मधला भाग आधी झिजे, कारण घडी तेथेच पडते आणि घर्षणही तेथेच होते. दोन्ही टोकांचे पल्ले मात्र दाट विणीमुळे टिकून राहत. शालीची बहुतेक किंमत पल्ल्यात असल्याने झिजलेले मतन कापून टाकून जुने पल्ले आणि हाशिये नव्या पश्मिन्यावर चढवणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. हे करताना रफूगर पल्ल्याच्या बुट्ट्यांभोवतीचे जुने कापड त्यांच्या आकृतीप्रमाणे वळणे घेत कापी आणि नव्या मतनात ते बुट्टे एकेक करून बसवी, म्हणजे जुन्या आणि नव्या कापडाची सीमा कुठेही आडव्या रेषेत दिसत नसे.

महाराष्ट्रात याच तऱ्हेचा विचार पैठणीच्या बाबतीत झालेला आहे. रेशमी पोत जीर्ण झाला तरी जरीचे काठ-पदर शाबूत असत, म्हणून ते उसवून नव्या रेशमावर लावून घेण्याची चाल जुन्या घराण्यांत होती. मात्र दोहोंत एक मोठा फरक आहे. पैठणीच्या जरीत चांदी-सोने असल्यामुळे अगदी निरुपयोगी झालेला पदरही भट्टीत जाळून त्यातली धातू काढून घेता येई, आणि अशा रीतीने कितीतरी उत्तम पदर नाहीसे झाले. शालीत वितळवण्याजोगे काहीच नव्हते. तिची किंमत संपूर्णपणे विणीत आणि रंगात होती, म्हणून ती वाचवायची तर सुईनेच वाचवावी लागे. जुन्या शाली एवढ्या मोठ्या संख्येने शिल्लक राहण्यामागे हे एक सबळ कारण मानले पाहिजे.

युरोपात शाल त्याआधीच पोचली होती; फ्रान्समध्ये तिची चाल पडली ती नेपोलियनच्या १७९८ पासूनच्या इजिप्त मोहिमेच्या सुमारास. युरोपातही तिच्यात फेरफार झालेच, पण वेगळ्या हेतूने. सम्राज्ञी जोसेफिनने काश्मिरी शालीचा झगाच शिवून घेतला होता आणि अंतवान-जाँ ग्रो या चित्रकाराने १८०९ च्या सुमारास काढलेल्या तिच्या चित्रात तो दिसतो. झग्याच्या घेराला पल्ल्याचे बुट्टे आणि खांद्यावर दुसरी शाल अशी त्यातली मांडणी आहे. चौकोनी शाल तिरपी दुमडून पांघरण्याची चाल पडली तेव्हा वरच्या पदराचा काठ सुलट आणि खालच्या पदराचा उलट दिसू लागला. त्यावर तोडगा म्हणून लगतच्या दोन बाजूंचे काठ उसवून विरुद्ध बाजूने शिवले जाऊ लागले, जेणेकरून घडी घातल्यावर चारही काठ सुलटच दिसावेत. स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावाच्या मागांनी काश्मिरी नक्षीची स्वस्त नक्कल बाजारात आणली, पुढे स्त्रियांच्या झग्याला मागून उठाव देण्याची फॅशन आली आणि तिच्यावर मोठी शाल बसेना. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाने पॅरिसची मागणी खुंटवली आणि १८७७-७९ च्या दुष्काळाने काश्मिरातले विणकर देशोधडीला लागले. याच सुमारास युरोपातल्या घराघरांतल्या जुन्या शाली कापून त्यांचे डॉलमन, म्हणजे झग्यावरून घालायचे रुंद बाह्यांचे कोट, शिवण्यात आले. काश्मिरी रफूगर कापडातला एकही धागा वाया जाऊ देत नव्हता. येथे मात्र अंगाच्या मापाप्रमाणे पल्ल्याच्या मधून कात्री फिरली, आणि वस्त्राचे आयुष्य वाढले तरी त्याची रचना कायमची मोडली.

विणकरांचा धंदा बसल्यावर नव्या शालींवरचे जोडकाम आटले, पण जुन्या शालींवरचे काम चालू राहिले, आणि त्याचे एक मोठे केंद्र काश्मीरपासून दूर, आजच्या उत्तर प्रदेशातल्या बिजनोर जिल्ह्यातील नजीबाबाद हे ठरले. मराठी वाचकाला हे गाव निराळ्या संदर्भात माहीत आहे. १७६१ च्या पानिपतच्या युद्धात अहमदशहा अब्दालीचा हात धरून मराठ्यांविरुद्ध उभा राहिलेला रोहिला सरदार नजीबखान याने ते वसवले, आणि १७७२ मध्ये महादजी शिंदे आणि विसाजी कृष्ण यांच्या फौजांनी जवळचा पथ्थरगड काबीज करून त्या पराभवाचा वचपा काढला. युद्धाच्या आठवणीने ओळखल्या जाणाऱ्या या गावात पिढ्यान् पिढ्या मुसलमान रफूगर कुटुंबे शालींचे काम करीत आली आहेत. ही मंडळी जुन्या संस्थानिकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या घरांतून फाटक्या शाली विकत घेत, त्यांतले धड भाग वेगळे काढीत, एकीचा पल्ला, दुसरीचा हाशिया आणि नवे मतन यांतून पुन्हा एक शाल उभी करीत आणि ती घेऊन देशभर फिरत. उरलेले कापड टाकून देत नसत. त्यातले धागे सोडवून, रंगवार लावून ठेवीत, कारण पुढच्या एखाद्या शालीतले भोक नेमक्या त्याच किरमिजी किंवा त्याच निळ्या धाग्याची वाट पाहत असे. वस्त्रकलावंत आणि अभ्यासक प्रिया रविश मेहरा यांनी या रफूगरांच्या कामाची अनेक वर्षे नोंद केली, त्यांना प्रदर्शनांतून लोकांसमोर आणले, आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत हा विषय लावून धरला. वस्त्राच्या इतिहासात रफूगराला कर्ता म्हणून स्थान मिळावे यासाठी झालेल्या प्रयत्नांत त्यांचे काम अग्रभागी ठेवावे लागेल.

संग्रहालयांच्या दृष्टीने मात्र रफूगराचे कौशल्य अडचणीचे ठरते. आधुनिक जतनशास्त्राचा दंडक असा, की दुरुस्ती जवळून पाहणाऱ्याला ओळखू यावी आणि गरज पडल्यास मूळ कापडाला धक्का न लावता काढता यावी. रफूगराची परंपरा याच्या नेमकी उलट आहे. दोन्ही भूमिका आपापल्या जागी योग्य आहेत. शाल अभ्यासाची वस्तू असेल तर तिच्यावरचा प्रत्येक हात ओळखता आला पाहिजे, आणि ती अंगावर घ्यायची असेल तर तिला आधार देणारा टाका विणीशी एकजीव झाला पाहिजे. चूक होते ती एवढीच, की अशा शालीला यादीत एकच काळ लिहून दिला जातो. अठराव्या शतकाच्या अखेरचा बुट्टा आटोपशीर असतो, भोवती मोकळी जागा ठेवतो आणि त्यातली फुले वेगवेगळी ओळखू येतात. शीख अमलात तो लांबतो, त्याचे टोक वाकते आणि तो शेजारच्या बुट्ट्यात शिरू लागतो. पल्ला पहिल्या तऱ्हेचा, हाशिया दुसऱ्या तऱ्हेचा आणि मतन त्याहूनही अलीकडचे असेल, तर शाल उलटी करून, भिंगाखाली पल्ल्याची कड, हाशियाचा जोड आणि मतनातली वळणे घेत गेलेली शिवण यांची स्वतंत्र नोंद करावी लागते. जोडाच्या दोन बाजूंना तिरपी रेघ एकाच कोनात जात नसेल, किंवा धाग्याचा पीळ वेगळा पडत असेल, तर ते दोन भाग दोन वेगळ्या मागांवरचे असण्याचा संभव आहे असे समजावे, आणि त्या दोहोंपेक्षा त्यांना जोडणारा धागा कोणत्या जातीचा आणि किती जुना आहे यावरून जोडणी केव्हाची असावी याचा अंदाज बांधावा.